फोकस चुकला, दोष कुणाचा?



या सदरात आम्ही घरातल्या आणि कामधंद्यातल्या यंत्रांबद्दल लिहितो. मिक्सर, पाण्याचा पंप, शिलाई मशीन हे विषय झाले. या वेळी कॅमेऱ्याबद्दल लिहायचं आहे. मात्र सुरुवात कॅमेऱ्यापासून करता येणार नाही, कारण आमच्यापर्यंत कॅमेरा नंतर आला, भांडण आधी आलं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यात एका मुलीचा निकाह झाला. घर आमच्या नात्यातलंच. फोटोंचं काम गल्लीतल्याच एका मुलाला दिलं होतं. कॉलेज संपवून वर्षभर नोकरी शोधली, मिळाली नाही, तेव्हा घरातून थोडे आणि उसनवारीने थोडे पैसे जमवून त्याने एक वापरलेला डीएसएलआर कॅमेरा घेतला. वाढदिवस, अकीका, शाळेचं स्नेहसंमेलन अशी लहान कामं तो करत होता. निकाहाचं हे पहिलंच मोठं काम. ठरले 15 हजार. 7 हजार आगाऊ आणि 8 हजार फोटो हातात आल्यावर.

फोटो आले आणि घरात तोंडं उतरली. स्टेजवरचे सगळ्यांचे एकत्र फोटो छान होते. पण जवळून घेतलेले फोटो पाहावेत तर दुल्हनच्या कानातले झुमके लखलखीत आणि डोळे मात्र धुरकट. निकाहनाम्यावर सही करतानाच्या फोटोत तिच्या चेहऱ्यापेक्षा मागे बसलेल्या फुफीच्या ओढणीची जर जास्त स्पष्ट. रुखसतीच्या वेळी अब्बा लेकीच्या डोक्यावर हात ठेवून उभे आहेत, आणि कॅमेऱ्याने टिपली आहे ती मागच्या दाराची कडी.

त्यातच एक दुःखाची गोष्ट घडली. मुलीच्या दादीचं निकाहानंतर दीड महिन्याने इंतकाल झालं. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. दादीला फोटो काढून घ्यायचा कंटाळा, त्यामुळे घरात त्यांचे अलीकडचे फोटो नाहीतच. त्या दिवशी मात्र त्या नातीजवळ बसून मनापासून हसल्या होत्या. त्या हसण्याचे चार फोटो होते आणि त्यातले तीन मऊ, धुरकट. आता पुन्हा काढू म्हणण्याची सोय उरली नव्हती.

मुलीच्या चाचांनी उरलेले 8 हजार रोखून धरले. “पोरगं हलगर्जी आहे, मोबाईल बघत बसलं असेल,” असं घरात बोललं गेलं. ते बोलणाऱ्यांत आम्हीही होतो, हे आधीच कबूल केलेलं बरं. मुलगा म्हणत होता, “चाचा, मी प्रत्येक वेळी चेहऱ्यावरच फोकस केला. कॅमेऱ्याने टिटटिट आवाज दिल्यावरच बटण दाबलं.” त्याचं कुणी ऐकेना. शेवटी दोन्ही बाजूंनी आम्हाला बोलावलं, कारण आम्ही यंत्रांबद्दल लिहितो.

चौथा फोटो

आम्ही दादीचे चारही फोटो संगणकावर मोठे करून पाहिले. तीन फोटोंत सारखीच चूक. चेहरा मऊ, आणि चेहऱ्याच्या थोडं मागे असलेली वस्तू टोकदार. चौथा फोटो मात्र इतका स्वच्छ, की चष्म्याच्या काचेत खिडकी दिसत होती. तोच कॅमेरा, तीच लेन्स, तोच मुलगा, दोन मिनिटांचं अंतर. मग फरक कशाचा?

मुलाने आठवून सांगितलं, “समोर बायकांची गर्दी झाली होती. तेव्हा मी कॅमेरा डोक्यावर धरून, मागच्या पडद्यात बघून तो फोटो काढला.”

आम्हाला धागा मिळाला तो इथे. तो हलगर्जी असता, तर चूक कधी पुढे, कधी मागे, कधी हात हलल्याची, अशी वेगवेगळी दिसली असती. इथे चूक दर वेळी एकाच बाजूला होती, आणि पडद्यात पाहून काढलेल्या फोटोत ती नाहीशी झाली होती. याचं कारण समजायला कॅमेऱ्याच्या पोटात डोकवावं लागतं.

प्रकाशाचे दोन रस्ते

डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे तिरका आरसा असतो. आपण वरच्या छोट्या खिडकीतून पाहतो ते या आरशामुळे. आरशाचा मधला भाग थोडा प्रकाश आरपार सोडतो. त्याच्या मागे दुसरा लहान आरसा असतो. तो हा प्रकाश खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकसच्या सेन्सरकडे पाठवतो. लेन्सच्या एका कडेने आलेलं चित्र आणि दुसऱ्या कडेने आलेलं चित्र हा सेन्सर पडताळून पाहतो. दोन्हींत किती आणि कोणत्या बाजूला फरक आहे, यावरून लेन्स कुठे आणि किती फिरवायची ते कॅमेऱ्याला एका क्षणात कळतं. म्हणूनच हा फोकस इतका चपळ असतो.

पण फोटो उमटतो तो दुसऱ्याच जागी. बटण दाबलं की दोन्ही आरसे वर उचलले जातात आणि प्रकाश सरळ मागच्या मोठ्या सेन्सरवर पडतो. म्हणजे मोजमाप एका ठिकाणी आणि काम दुसऱ्या ठिकाणी. लेन्सपासून या दोन्ही ठिकाणांचं अंतर अगदी सारखं हवं. आरसा केसभर कलला किंवा सेन्सर किंचित वरखाली बसला, की मोजमाप चुकतं. लेन्सच्या बनावटीतही थोडा फरक असतो. कॅमेरा आपल्या जागी चालण्यासारखा, लेन्सही चालण्यासारखी, पण दोघांच्या बारीक चुका एकाच दिशेच्या निघाल्या की बेरीज होऊन फोटो बिघडतो.

आमच्या घरच्या बायकांना आम्ही हे शिंप्याच्या टेपने समजावलं. टेपच्या टोकाचा एक सेंटीमीटर तुटलेला असेल आणि शिंप्याला ते माहीत नसेल, तर तो प्रत्येक माप अगदी काळजीपूर्वक घेईल आणि प्रत्येक सदरा चुकवेल. मेहनत खरी, नियत खरी, माप खोटं. कॅमेऱ्याचा टिटटिट आवाज म्हणजे त्या टेपची खात्री. त्याच्या दृष्टीने फोकस झालेला असतो.

मागच्या पडद्यात पाहून फोटो काढताना, म्हणजे लाइव्ह व्ह्यूमध्ये, आरसा आधीच वर गेलेला असतो. तेव्हा कॅमेरा मोठ्या सेन्सरवर पडलेलं चित्रच पाहून फोकस करतो. मोजमाप आणि काम एकाच जागी, म्हणून ही चूक उरत नाही. चौथा फोटो स्वच्छ आला तो यामुळे. आजकालच्या आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांतही फोकस मोठ्या सेन्सरवरच ठरतो. म्हणून त्यांच्या मालकांना या दुरुस्तीची गरज सहसा पडत नाही.

आधी पडताळा, मग बोला

आता अंदाज तर बांधला. पण अंदाजावर कुणाला निर्दोष ठरवणं हेही तितकंच चूक, जितकं अंदाजावर दोषी ठरवणं. अल-हसन इब्न अल-हैसम यांची इथे आठवण येते. इ. स. 965 च्या सुमारास बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे काहिरात काम केलेल्या या विद्वानाने ‘किताबुल मनाझिर’ हा सात भागांचा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर जातात म्हणून आपल्याला दिसतं, असं त्या काळी अनेक जाणते मानत. प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो, हे त्यांनी अंधाऱ्या खोलीत, लहान छिद्रांतून येणारा उजेड पाहून आणि मोजून मांडलं. मोठ्या नावाच्या माणसाने लिहिलं म्हणून खरं मानू नका, तपासा, हा त्यांचा बाणा. या ग्रंथाला हजार वर्षं झाल्याचं निमित्त 2015 च्या आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्षात युनेस्कोनेही साजरं केलं. कॅमेरा हातात घेणाऱ्या प्रत्येक मुलाने हे नाव लक्षात ठेवावं.

तर आम्ही ठरवलं, तपासायचं. रविवारी फजरनंतर मुलगा कॅमेरा घेऊन आमच्या पडवीत आला. मुलीचे चाचाही आले. त्यांना मुद्दाम बोलावलं, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की परस्पर ठरवलं.

घरच्या घरी तपासणी

बाजारात यासाठी तयार तक्ते मिळतात. पण घरातल्या वस्तूंनीही काम होतं. आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम, लक्ष्य. एका चौकोनी खोक्याच्या पुढच्या बाजूला वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवलं. ठळक मथळे मधोमध. खोका टेबलावर, कॅमेऱ्याच्या समोर अगदी सरळ ठेवला. लक्ष्य चांगलं हातभर मोठं हवं. खिडकीत दिसणाऱ्या छोट्या चौकटीपेक्षा फोकसचा सेन्सर प्रत्यक्षात थोडा जास्त भाग पाहतो. लक्ष्य लहान असेल तर तो शेजारची वस्तू पकडतो आणि सगळी तपासणी वाया जाते. नुसत्या तिरक्या पट्टीवर फोकस करून पाहणारे इथेच फसतात.

दुसरं काम, माप. 80 सेंटीमीटर लांब फळीवर शिलाईचा टेप चिकटवला आणि फळी खोक्याला खेटून, पण त्याला न झाकता, 45 अंशांत तिरकी टेकवली. चौकोनी कागद कर्णावर दुमडला की 45 अंशांचा कोन मिळतो. टेपवरचा 40 चा आकडा खोक्याच्या पुढच्या बाजूच्या बरोबर रेषेत आणला. म्हणजे 40 पेक्षा लहान आकडे कॅमेऱ्याच्या जवळ, मोठे आकडे लांब.

तिसरं, अंतर. लेन्सच्या मिलीमीटर आकड्याची पन्नास पट हा सोपा हिशेब. मुलाची लेन्स 50 मिलीमीटरची, म्हणून 2500 मिलीमीटर, म्हणजे अडीच मीटर. 85 ची असती तर सव्वाचार मीटर. फार जवळून तपासलं तर लग्नात ज्या अंतरावरून फोटो घेतो तिथला हिशेब जुळत नाही.

चौथं, कॅमेऱ्याची मांडणी. कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्स लक्ष्याच्या मध्याच्या उंचीवर. छिद्र पूर्ण उघडं, या लेन्सवर एफ 1.8. फोकसचा फक्त मधला एक बिंदू. एकदाच फोकस करून थांबणारी पद्धत, सतत पाठलाग करणारी नाही. आयएसओ 100. लेन्समध्ये हात हलण्यावरची स्थिरता असेल तर ट्रायपॉडवर ती बंद. बटण बोटाने न दाबता टायमरने. उजेड भरपूर, दिवसाचा.

पाचवं काम बरेच जण विसरतात. प्रत्येक फोटोआधी लेन्स मुद्दाम फोकसबाहेर न्यावी. आम्ही पाच फोटो लेन्स पार लांबच्या टोकाला फिरवून मग फोकस करून घेतले आणि पाच जवळच्या टोकाला फिरवून. फोकस आधीच जवळपास असेल तर कॅमेरा लेन्स हलवतच नाही आणि आपण जुनीच चूक पुन्हा मोजतो.

शेवटी त्याच जागेवरून लाइव्ह व्ह्यूने पाच फोटो घेतले. खरं उत्तर हे. बाकीचे याच्याशी पडताळायचे.

टेप काय म्हणाला

फोटो कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाहून निवाडा देऊ नये. आम्ही ते संगणकावर पूर्ण आकारात पाहिले. लाइव्ह व्ह्यूच्या पाचही फोटोंत वर्तमानपत्राची अक्षरं कोरल्यासारखी होती आणि टेपवर 40 चा आकडा सर्वांत टोकदार. खिडकीतून फोकस केलेल्या दहा फोटोंत वर्तमानपत्र मऊ, आणि टेपवर टोकदार आकडा 59 ते 63 च्या दरम्यान. सरासरी 61.

टेप तिरका असल्याने त्यावरचे 21 सेंटीमीटर म्हणजे सरळ खोलीत सुमारे 15 सेंटीमीटर. तिरक्या आकड्याला 0.7 ने गुणायचं. म्हणजे अडीच मीटरवर उभ्या माणसाऐवजी कॅमेरा त्याच्या मागे वीतभर अंतरावर फोकस करत होता. अशा मांडणीत या लेन्सची स्वच्छ दिसणारी खोली पुढे-मागे मिळून सुमारे 17 सेंटीमीटर असते, निम्मी पुढे, निम्मी मागे. 15 सेंटीमीटर चुकल्यावर चेहरा तिच्या बाहेर जाणारच. जवळून, दीड मीटरवरून, हीच चूक पाच-साडेपाच सेंटीमीटरची होते. डोळे धुरकट आणि झुमके लखलखीत, त्याचा हिशेब असा लागला.

चाचा खुर्चीवरून उठून पडद्याजवळ आले. त्यांनी विचारलं, “मग स्टेजवरचे फोटो चांगले कसे आले?”

प्रश्न रास्त होता. स्टेजवर फ्लॅश लावून, चार मीटरवरून, छिद्र एफ 8 पर्यंत बारीक करून फोटो घेतले होते. तिथे स्वच्छ दिसणारी खोली जवळजवळ दोन मीटर. एवढ्या खोलीत फूट-सव्वा फुटाची चूक लपून जाते. मुलगा याआधी सोबत मिळालेली साधी झूम लेन्स वापरायचा. तिचं छिद्र मुळातच लहान, त्यामुळे तिथेही चूक असती तरी दिसली नसती. ही 1.8 ची लेन्स त्याने कमी उजेडात चांगले फोटो यावेत म्हणून निकाहाच्या आठ दिवस आधी वापरलेलीच विकत घेतली होती. मोठं छिद्र उजेड जास्त घेतं, तसं चुकीला माफीही कमी देतं.

दोष कॅमेऱ्याचा की लेन्सचा, हेही पाहिलं. शेजारच्या गावातल्या एका फोटोग्राफरची 85 मिलीमीटरची लेन्स मागून आणली, सव्वाचार मीटरवरून तपासली. ती बरोबर बसली. म्हणजे हा कॅमेरा आणि ही लेन्स, या जोडीचंच जुळत नव्हतं.

दुरुस्ती

बऱ्याच मधल्या आणि वरच्या दर्जाच्या डीएसएलआर कॅमेऱ्यांत ही चूक घरीच दुरुस्त करण्याची सोय असते. 2007 पासून ती ठळकपणे दिसू लागली. कॅननमध्ये तिला एएफ मायक्रोअॅडजस्टमेंट म्हणतात, निकॉनमध्ये एएफ फाइन-ट्यून. दोन्हींत उणे 20 ते अधिक 20 असे आकडे असतात. फोकस मागे पडत असेल तर उणे बाजूला जायचं, म्हणजे तो कॅमेऱ्याकडे सरकतो. पुढे पडत असेल तर अधिक बाजूला. दुरुस्ती त्या लेन्सपुरतीच नोंदवायची. ‘सर्व लेन्सना सारखी’ असा पर्याय निवडला तर चांगल्या लेन्सही बिघडतात.

मुलाच्या कॅमेऱ्यात ही सोय होती. त्याने तो मेनू कधी उघडलाच नव्हता. आधी उणे 10 ठेवून पाच फोटो घेतले. टोकदार आकडा 31 वर गेला, म्हणजे दुरुस्ती जास्त झाली. उणे 5 वर 46. उणे 7 वर नेमका 40 च्या आसपास. पुन्हा दहा फोटो घेऊन खात्री केली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आमचे दहा आकडे 59 ते 63 मध्ये, म्हणजे एकाच जागी गोळा झाले होते. म्हणून आकडा सरकवून काम झालं. तुमचे आकडे कधी 25, कधी 55 असे विखुरलेले आले, तर मेनूतली दुरुस्ती उपयोगाची नाही. तेव्हा लेन्सचे संपर्कबिंदू मऊ कोरड्या कापडाने पुसावेत, उजेड वाढवून पुन्हा पाहावं, आणि तरीही तसंच राहिलं तर कॅमेरा व लेन्स दोन्ही सर्व्हिस सेंटरला द्यावीत. एकटी लेन्स किंवा एकटा कॅमेरा देऊन जोडीचा दोष सापडत नाही.

ज्यांच्या कॅमेऱ्यात हा मेनूच नाही, त्यांनी निराश होऊ नये. सुरुवातीच्या दर्जाच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये तो नसतो. तिथे महत्त्वाचे फोटो लाइव्ह व्ह्यूने घ्यावेत, छिद्र एफ 4 किंवा त्याहून बारीक ठेवावं, किंवा सर्व्हिस सेंटरकडून जोडी जुळवून घ्यावी. सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या काही लेन्स त्यांच्या खास उपकरणाने संगणकाला जोडूनही दुरुस्त करता येतात.

झूम लेन्सचं प्रकरण थोडं किचकट. तिच्या रुंद टोकाला एक चूक आणि लांब टोकाला दुसरी असू शकते. काही कॅमेरे दोन्ही टोकांचे वेगळे आकडे घेतात. ज्यांचे घेत नाहीत, त्यांनी आपण जास्त वापरतो त्या टोकाला, शक्यतो लांबच्या, बरोबर जुळवावं.

त्याच रात्री आम्ही हॉलच्या पिवळ्या दिव्यांखालीही तपासलं. पिवळ्या उजेडात काही कॅमेऱ्यांचा फोकस दिवसापेक्षा थोडा सरकतो, आणि आपले बहुतेक कार्यक्रम रात्रीचे. सुदैवाने इथे फरक नगण्य निघाला.

यंत्राचा नसलेला दोष

न्याय करायचा तर मुलाच्या बाजूची चूकही मांडली पाहिजे, आणि आम्ही ती त्याच्यासमोर मांडली.

त्याची एक सवय होती. मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस करायचा, बटण अर्धं दाबून ठेवायचं आणि मग कॅमेरा बाजूला वळवून चौकट जुळवायची. पुष्कळ जण असंच करतात. लांबून चालतं. पण दीड मीटरवर कॅमेरा 20 अंश वळवला की फोकसची रेघ चेहऱ्याच्या 9 सेंटीमीटर मागे जाते. लेन्स निर्दोष असली तरी मोठ्या छिद्रावर डोळे धुरकट येणार. त्याच्या काही फोटोंत दोन्ही चुकांची बेरीज झाली होती. उपाय सोपा आहे. चौकट आधी जुळवावी आणि डोळ्याजवळचा फोकसबिंदू निवडावा.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. आठ दिवसांपूर्वी घेतलेली वापरलेली लेन्स त्याने न तपासता दुसऱ्याच्या घरच्या निकाहाला नेली. आणि कार्यक्रमात एकदाही फोटो पडद्यावर मोठा करून डोळे पाहिले नाहीत. पाहिले असते तर पहिल्या दहा मिनिटांत शंका आली असती आणि दादीचे चारही फोटो लाइव्ह व्ह्यूने घेता आले असते. तराजू खोटा आहे हे दुकानदाराला माहीत नसेल तर तो बेईमान ठरत नाही. पण तराजू तपासणं हे त्याचंच काम. मापात कमी देणाऱ्यांबद्दल सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये किती कडक इशारा आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मोबदला घेऊन केलेलं प्रत्येक काम मापाचंच असतं.

फोटो काढावेत की नाही, किती काढावेत, याबद्दल आपल्या घराघरांत आणि उलेमांत वेगवेगळी मतं आहेत. त्यात आम्ही शिरत नाही. पण काम घेतलं तर ती अमानत झाली, याबद्दल कुणाचं दुमत नसावं. घरातल्या बायकांचे फोटो असलेलं मेमरी कार्डही त्याच अमानतीत येतं. ते कुणालाही द्यायचं नाही, घरच्यांना विचारल्याशिवाय नमुना म्हणून कुठेही लावायचं नाही.

ज्यांच्याकडे फक्त मोबाईल आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. मोबाईलमध्ये आरसा नसतो, त्यामुळे वरची तपासणी तिथे लागत नाही. फोटो धुरकट येत असेल तर आधी लेन्सवरचा बोटाचा तेलकटपणा पुसा, पडद्यावर चेहऱ्याला स्पर्श करून फोकस तिथे आणा, आणि फार जवळ जाऊ नका.

निवाडा

दुपारी जोहरनंतर सगळे पुन्हा पडवीत बसलो. आम्ही आधी मुलाची माफी मागितली. पडताळा न करता आम्ही त्याला हलगर्जी म्हटलं होतं. बदगुमानी करू नका, ही ताकीद आपण खुत्ब्यात कितीदा ऐकतो, आणि गल्लीतल्या पोराबद्दल ती सर्वांत आधी विसरतो.

चाचांनी खिशातून 8 हजार काढले. मुलगा घेईना. म्हणाला, “चाचा, यंत्राची चूक असली तरी तपासायला हवं होतं मीच. निम्मेच द्या.” चाचा म्हणाले, “ठरलं तेवढंच देणार. पण पुढच्या घरी जाण्याआधी हे टेपचं काम कर.” पैसे मुलाच्या हातात गेले.

उरलेल्या तीन फोटोंबद्दल खरं ते सांगून टाकलं. संगणकावर धार वाढवून फोटो थोडा ठीक दिसतो, लहान आकारात चालून जातो. पण जे कॅमेऱ्याने टिपलंच नाही ते परत आणता येत नाही. दादीचा चौथा फोटो मात्र पूर्ण आहे. मुलाने तो स्वतःच्या खर्चाने मोठा छापून आणला. भाभींनी तो भिंतीवर न लावता कपाटात, दादीच्या तस्बीहजवळ ठेवला आहे.

मुलगा आता प्रत्येक कामाच्या आदल्या संध्याकाळी खोका, फळी आणि अम्मीचा शिलाईचा टेप घेऊन अर्धा तास बसतो. त्याच्या अम्मीची तक्रार एवढीच, की टेप वेळेवर जागेवर सापडत नाही.

पुढच्या महिन्यात मेमरी कार्ड आणि घरचे फोटो वर्षानुवर्षं जपून कसे ठेवावेत याबद्दल लिहू, इन्शाअल्लाह.